गोळी आणि पाळणा

हा प्रश्न बहुतेक वेळा दारात उभं राहून विचारला जातो. गाठीचा रिपोर्ट, ऑपरेशनची तारीख, केमो किती, खर्च किती, कामावरून रजा किती दिवसांची, हे सगळं बोलून झालेलं असतं. नवरा फाइल पिशवीत घालत असतो, आई किंवा सासू खुर्चीवरून उठलेली असते. मग ती बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई अर्धवट वळते आणि हळूच म्हणते, “डॉक्टर, पुढे मूल होऊ शकेल का हो?” कित्येकींना तेवढाही धीर होत नाही. जीव वाचतोय हेच पुष्कळ, त्यात आणखी काय मागायचं, असं त्यांना वाटतं. सोबत आलेल्या माणसांनाही तसंच वाटत असतं.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न पहिल्याच भेटीत, खुर्चीत नीट बसून, पहिलं सलाइन लागायच्या आधी विचारला पाहिजे. तिने विचारला नाही तर डॉक्टरांनी तो काढला पाहिजे. नंतर विचारलं तरी उत्तर मिळतं, पण तोवर हातातले काही मार्ग बंद झालेले असतात.

भारतात स्तनाचा कर्करोग युरोप-अमेरिकेच्या तुलनेत सरासरी दहाएक वर्षं लवकर दिसतो. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्याचं एक कारण. त्यातून एक हिशेब उभा राहतो. समजा निदान झालं तेहतिसाव्या वर्षी. ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन यांत वर्ष जातं. मग गाठ संप्रेरकांवर वाढणारी असेल, म्हणजे रिपोर्टवर ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असं लिहिलेलं असेल, तर रोज एक गोळी सुरू होते. ती पाच वर्षं घ्यायची, काहींनी दहा. पाच धरली तरी वय एकोणचाळीस. दहा धरली तर चव्वेचाळीस. आजारातून माणूस सुखरूप बाहेर येतं, आणि तोवर मूल होण्याचं वय मागे पडलेलं असतं.

हा हिशेब बदलता येतो का, याचं उत्तर मिळायला वैद्यकाला फार काळ लागला. त्याला कारण होतं एक भीती, आणि ती भीती अडाणीपणाची नव्हती. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं कितीतरी पटींनी वाढतात. ज्या गाठीचं खतपाणी आपण औषधाने तोडलं, तिच्या उरल्यासुरल्या पेशींना पुन्हा पाट फोडून पाणी द्यायचं का? शंका रास्तच होती. म्हणून जुन्या पिढीतल्या डॉक्टरांचा सल्ला सरळ होता: आता मुलाचा विचार सोडा. दिवस राहिलेच, तर अनेक ठिकाणी गर्भपात सुचवला जाई.

पण सल्ला न जुमानता, किंवा नकळत, काही जणी आई होतच होत्या. त्यांचं पुढे काय झालं? फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९४ मध्ये तिथल्या नोंदींवरून हे तपासलं, तेव्हा उलटंच चित्र दिसलं. कर्करोगानंतर बाळंत झालेल्या बायका इतरांपेक्षा जास्त जगत होत्या. मग गरोदरपण औषधासारखं काम करतं की काय? संशोधकांनी तसा दावा केला नाही. त्यांनी या दिसण्याला ‘निरोगी आईचा परिणाम’ असं नाव दिलं. ज्या बाईला बरं वाटतं, जिचा आजार उलटलेला नाही, तीच मुलाचा विचार करते. जी आजारीच आहे ती करत नाही. म्हणजे आई होणाऱ्यांचा गट मुळातच तब्येतीने बऱ्या असलेल्यांचा. त्याची तुलना सरसकट सगळ्या रुग्णांशी केली की मातृत्व लाभल्यासारखं दिसणारच.

पुढच्या अभ्यासकांनी ही खोट दूर करायचा प्रयत्न केला. तीन वर्षांनी आई झालेल्या बाईची तुलना किमान तीन वर्षं आजार न उलटलेल्या बाईशीच करायची, अशी जोडी ते लावू लागले. इटलीतल्या जिनोव्हाचे डॉ. मात्तेओ लाम्बेर्तीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा ३९ अभ्यासांची एकत्र मांडणी केली. त्यांत स्तनाचा कर्करोग झालेल्या एक लाख चौदा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती होती. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक मनाला लागणारी: या स्त्रियांना दिवस राहण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी होती. दुसरी दिलासा देणारी: ज्यांना दिवस राहिले, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. बाळं थोडी जास्त प्रमाणात कमी वजनाची किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेली होती, सिझेरियनही जास्त झाली होती. जन्मजात व्यंगांचं प्रमाण मात्र वाढलेलं नव्हतं.

तरीही गोळीचा प्रश्न शिल्लक होता. पाच वर्षांची गोळी मधेच थांबवली तर?

त्या प्रश्नाला थेट भिडला तो ‘पॉझिटिव्ह’ नावाचा अभ्यास. बॉस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेतल्या डॉ. अ‍ॅन पार्ट्रिज त्याच्या प्रमुख संशोधक. डिसेंबर २०१४ ते डिसेंबर २०१९ या पाच वर्षांत २० देशांतल्या ५१८ स्त्रिया त्यात सामील झाल्या. अटी स्पष्ट होत्या: वय ४२ पर्यंत, आजार दूरवर पसरलेला नको, आणि गोळी निदान दीड वर्ष, जास्तीत जास्त अडीच वर्षं घेऊन झालेली हवी. मग गोळी थांबवायची. औषध अंगातून पूर्ण जावं म्हणून तीन महिने जाऊ द्यायचे. त्यानंतर मुलासाठी प्रयत्न. दिवस राहणं, बाळंतपण, अंगावर पाजणं हे सगळं धरून दोन वर्षांपर्यंतची मुभा, आणि मग परत गोळी सुरू.

औषधांच्या अभ्यासात सहसा चिठ्ठ्या टाकतात: अर्ध्यांना हे, अर्ध्यांना ते. इथे तशा चिठ्ठ्या टाकणं शक्यच नव्हतं. मूल हवं असलेल्या बाईला, तुझ्या नावाची चिठ्ठी निघाली नाही, असं कोण सांगणार, आणि तिने ते का ऐकावं? म्हणून तुलनेसाठी आधीच्या दोन मोठ्या अभ्यासांतल्या, गोळी न थांबवलेल्या, वयाने आणि आजाराने मिळत्याजुळत्या स्त्रिया घेतल्या. शिवाय एक लक्ष्मणरेषा आधीच आखून ठेवली होती. ठरलेल्या काळात आजार उलटण्याच्या घटना ४६ झाल्या, तर हा मार्ग सुरक्षित मानता येणार नाही.

निकाल डिसेंबर २०२२ मध्ये सॅन अँटोनियोच्या परिषदेत सांगितला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात सविस्तर छापून आला. घटना झाल्या होत्या ४४. रेषा ओलांडली गेली नव्हती, पण ती फार लांबही नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण गोळी थांबवलेल्यांत ८.९ टक्के आणि तुलनेच्या गटात ९.२ टक्के निघालं. म्हणजे दोन्हीकडे शंभरांत नऊच्या आसपास. ज्या ४९७ जणींच्या गरोदरपणाचा पाठपुरावा झाला, त्यांच्यापैकी ३६८ जणींना एकदा तरी दिवस राहिले. ३१७ जणी आई झाल्या. जन्माला आलेली बाळं ३६५, वर्षाच्या दिवसांइतकी. सामील झालेल्यांत चारांपैकी तीन बायकांना आधी एकही मूल नव्हतं, आणि अभ्यासात येताना निम्म्यांचं वय ३७ किंवा त्याहून जास्त होतं.

हे आकडे वाचताना आनंद होतो. तरी त्यांच्या कडाही पाहिल्या पाहिजेत. यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांचा आजार पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर सापडलेला होता. काखेतल्या अनेक गाठींपर्यंत आजार गेलेल्या बाईला हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. दुसरं, संप्रेरकांवर वाढणारा कर्करोग चिवट असतो आणि दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. त्यामुळे साडेतीन वर्षांचा पाठपुरावा ही सुरुवात म्हणायची. डिसेंबर २०२४ मध्ये पाच वर्षांचा हिशेब आला: १२.३ टक्के आणि तुलनेत १३.२ टक्के. चित्र तेच राहिलं आहे. अभ्यास अजून चालू आहे.

आणि तिसरी कड, जिच्याबद्दल घरात कमी बोललं जातं. मुभा दोन वर्षांची होती, कायमची नाही. सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रियांनी गोळी परत सुरू केली. काही जणींनी केली नाही. बाळ झालं, रात्री जागून जातात, तब्येत ठणठणीत वाटते, आणि गोळीने पुन्हा अंगाची आग, घाम, सांधेदुखी सुरू होणार हे माहीत असतं. अशा वेळी आज नको, उद्या बघू, असं होतं. म्हणून गोळी थांबवायच्या दिवशीच ती परत कधी सुरू करायची, ते फाइलमध्ये लिहून घ्यावं.

या गोळीची, टॅमॉक्सिफेनची, जन्मकथा मला फार विलक्षण वाटते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आयसीआय या ब्रिटिश कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी हे रसायन तयार केलं. तेव्हा शोध चालला होता गर्भनिरोधकाचा. उंदरांत ते गर्भ राहू देत नसे. माणसांत मात्र त्याने उलटंच केलं: अंडाशयाला चालना देऊन बीज बाहेर पडायला मदत केली. गर्भनिरोधक म्हणून ते बाद झालं. पुढे मँचेस्टरच्या ‘क्रिस्टी’ नावाच्या रुग्णालयात ते स्तनाच्या कर्करोगावर वापरून पाहिलं गेलं, १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला परवानगी मिळाली, आणि जगभरातल्या असंख्य बायकांचे प्राण त्याने वाचवले.

ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगत नाही. तिच्यात आजच्या बाईसाठी धोक्याची सूचना आहे. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी अनियमित होते, कधी थांबते, आणि आता दिवस राहणारच नाहीत असं घरातले सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात राहू शकतात. त्या औषधाने गर्भाच्या चेहऱ्याच्या हाडांत आणि जननेंद्रियांत व्यंग येण्याचा धोका असतो. म्हणून गोळी चालू असेतो कॉपर-टी किंवा निरोध हवाच. संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या या आजारात चालत नाहीत. थांबवल्यावरही लगेच प्रयत्न नको. पॉझिटिव्ह अभ्यासात तीन महिन्यांचं अंतर होतं. काही देशांतल्या औषधाच्या माहितीपत्रकांत त्याहून जास्त सांगितलेलं आहे. आपलं अंतर आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

आता केमोकडे येऊ, कारण पहिल्या सलाइनच्या आधी विचारा, या आग्रहाचं मूळ तिथे आहे.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख बीजं असतात. न्हाणं येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. ही कणगी एकदाच भरते. पुढे फक्त उपसा होतो. स्तनाच्या कर्करोगात सर्रास वापरलं जाणारं सायक्लोफॉस्फमाइड हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना तर मारतंच, शिवाय अंडाशयात झोपून असलेल्या बीजांच्या गुणसूत्रांनाही इजा करतं. म्हणजे कणगीच्या तळालाच भोक पडतं. तिशीतल्या बाईची कणगी भरलेली असते, तिला हा फटका झेपून जातो, पाळीही बहुधा परत येते. चाळिशीला टेकलेल्या बाईची पाळी कायमची जाऊ शकते. आणि पाळी परत आली म्हणजे सगळं पूर्ववत झालं, हाही गैरसमजच. कणगीत किती उरलं आहे याचा अंदाज एएमएच नावाच्या रक्ततपासणीतून येतो, तोही अंदाजच.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे केमोच्या आधी बीजं काढून गोठवणं. लग्न झालेलं असेल तर नवऱ्याच्या शुक्रजंतूंशी संयोग करून गर्भ गोठवता येतात. लग्न झालेलं नसेल तर नुसती बीजं. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मधे मधे सोनोग्राफी, आणि शेवटी भूल देऊन सुईने बीजं काढून घ्यायची. मग ती द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर राहतात. पूर्वी यासाठी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागे आणि त्यात महिना जाई. आता महिन्याच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. सगळं मिळून दोन आठवडे. ऑपरेशनची जखम भरून केमो सुरू व्हायला तेवढे दिवस जातातच. ऑपरेशनच्या आधीच केमो द्यायची असेल तर घाई असते, आणि तेव्हा हा प्रश्न पहिल्याच भेटीत निघणं आणखी गरजेचं. त्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन वाढून गाठीला बळ मिळेल, ही भीती असते. त्यासाठी सोबत लेट्रोझोल देऊन इस्ट्रोजेन खाली ठेवतात. न्यूयॉर्कचे डॉ. कुतलुक ओक्ताय यांनी ही पद्धत रुळवली.

गोठवण्याच्या या विद्येशी आपलं नातं जुनं आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं आणि ते भारतातलं पहिलं म्हणून गाजलं. पण त्याच्या आठ वर्षं आधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी असंच बाळ जन्माला घातलं होतं, आणि तेही गर्भ काही आठवडे गोठवून ठेवून. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांना खोटं ठरवलं. १९८१ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढे केईएमच्या यशात हिंदुजांच्या बरोबरीने असलेले शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांनी मुखोपाध्यायांची टिपणं अभ्यासली आणि १९९७ मध्ये जाहीर सांगितलं, की पहिला मान त्यांचाच. स्वतःकडे आलेलं श्रेय असं परत करणारी माणसं थोडी असतात. आज कर्करोगाच्या रुग्णाला दोन आठवड्यांत जी सोय मिळू शकते, तिच्यामागे अशा माणसांचे कष्ट आणि अपमान आहेत.

सोय आहे, पण पोचत नाही. बहुतेक गावांत कर्करोगाचे डॉक्टर एका इमारतीत आणि वंध्यत्वाचे डॉक्टर दुसरीकडे. एकाने दुसऱ्याला चिठ्ठी दिली तरच बाई तिथे जाते. शिवाय पैशाचा प्रश्न येतो. केमोसाठी सरकारी योजना, ट्रस्ट, नातेवाईक यांचे हात पुढे होतात. बीजं गोठवायला बहुतेकदा घरातलेच पैसे काढावे लागतात, तेही नेमके खर्चाने घर वाकलेलं असताना. २०२१ च्या कायद्याने आपल्याकडे बीजं आणि गर्भ दहा वर्षांपर्यंत साठवता येतात, आणि एकवीस वर्षांवरील अविवाहित मुलीलाही ही सेवा घेता येते. केमोच्या आदल्या आठवड्यात हे तिला कुणी सांगत नसेल, तर कायदा तिच्या काय उपयोगाचा?

ज्यांना गोठवणं परवडत नाही किंवा तेवढे दिवसच हातात नाहीत, त्यांच्यासाठी एक स्वस्त आधार आहे. गोसेरेलिनचं इंजेक्शन, दर चार आठवड्यांनी, पोटाच्या कातडीखाली, केमोच्या आठवडाभर आधीपासून. त्याने अंडाशय तात्पुरते निजतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ८ टक्के स्त्रियांचे अंडाशय निकामी झाले, न घेतलेल्यांत २२ टक्के. हे गोठवण्याची जागा घेत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

सगळ्यांना एकच वेळापत्रक लागू होत नाही. हर-टू पॉझिटिव्ह आजारावरचं ट्रास्टुझुमॅब चालू असेल तर ते संपल्यावर सात महिने थांबावं लागतं, कारण त्याने गर्भाभोवतीचं पाणी आटतं. ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्ही खुणा निगेटिव्ह असलेल्या आजारात गोळी नसतेच, पण तो उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. म्हणून ती वर्षं निभावू द्या असं डॉक्टर सांगतात. आणि आजार हाडांत किंवा यकृतात पसरलेला असेल, तर बहुतेक डॉक्टर गरोदरपणाचा सल्ला देत नाहीत. ते बोलणं जड असतं. तरी ते टाळू नये. दत्तक घेण्याचा मार्गही आहे. तिथे आई-बापांना जीवघेणा आजार नसावा अशी अट असते, म्हणून उपचार पूर्ण झालेल्या बाईने आपल्या डॉक्टरांकडून तसं लेखी घ्यावं.

घरात विचारले जाणारे प्रश्न वेगळेच असतात. बाळाला कॅन्सर लागेल का? लागत नाही, तो रक्तातून पोटातल्या बाळाला लागणं हा अपवादातलाही अपवाद, आणि तोही आजार अंगात पसरलेला असतानाचा. आनुवंशिक असेल का? बहुतेकींचा नसतो. बीआरसीए या जनुकात दोष असेल तर तो प्रत्येक मुलाकडे, मुलगा असो की मुलगी, जाण्याची शक्यता निम्मी. असा दोष असलेल्या ४,७३२ तरुण रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ६५९ जणींना पुढे दिवस राहिले आणि त्यामुळे आजार जास्त उलटलेला दिसला नाही. ही तपासणी लवकर करावी. सासरच्यांपासून लपवण्यात वर्षं घालवू नयेत.

आणि दूध? ज्या बाजूला रेडिएशन झालं, तिथे पान्हा फुटत नाही किंवा थेंब-दोन थेंब येतो. दुसरी बाजू धडधाकट असते. जुळ्यांच्या आया एकेका बाजूवर एकेक मूल वाढवतात, मग एका बाळाला एक बाजू पुरण्यात नवल ते काय. पॉझिटिव्ह अभ्यासातल्या आई झालेल्यांपैकी दहांत सहा जणींनी बाळाला अंगावर पाजलं. कमी पडलं तर वरचं दूध आहे. मात्र गोळी सुरू करायच्या आधी पाजणं थांबवावं लागतं, कारण टॅमॉक्सिफेन चालू असताना पाजत नाहीत.

म्हणून अशा घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात दोन तारखा आधीच गोल करून ठेवलेल्या बऱ्या. एक बाळाच्या उष्टावणाची. मामाच्या मांडीवर बसून, चांदीच्या वाटीतल्या खिरीचं पहिलं बोट चाटायची. आणि तिच्या पुढच्या पानावर, एखाद्या सोमवारी, आईने गोळीचं पाकीट पुन्हा फोडायची.